एजंट प्रत्येक खात्यात २५च ॲड्स सांगतो: मॉडेल बदलावं की टूल?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नागपुरात छोटी एजन्सी आहे, मेटावर (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर) अकरा क्लायंटची ॲड अकाउंट सांभाळता: कूलरवाले, नीट-जेईईचे क्लासेस, वर्धा रोडचे प्लॉट, इतवारीतला एक सराफ. एआय एजंटला (भाषा-मॉडेलच्या जोरावर तुमची कामं करणारा प्रोग्राम) खात्यातल्या ॲड्सची लिस्ट मिळावी म्हणून तुम्ही एक टूल लिहिलं, म्हणजे मेटाकडून माहिती आणून त्याच्या हातात देणारा छोटा कोड. आता चार तक्रारी आहेत. कोणत्याही खात्याबद्दल विचारा, एजंट २५ ॲड्स आहेत म्हणतो. बंद केलेल्या कॅम्पेनच्या ॲड्स ‘चालू’ दाखवतो. रोजचं ५०० रुपयांचं बजेट ५०,००० सांगतो. आणि त्यानेच दिलेल्या लिस्टमधली एखादी ॲड उघडायला सांगितली, तर अशी ॲडच नाही म्हणतो. याहून महाग मॉडेल घेतलं तर हे सुटेल का, असं शेवटी विचारलंय.

नाही सुटणार. चारही दोष टूलमध्ये आहेत. महाग मॉडेल हीच चुकीची उत्तरं जास्त सफाईदार मराठीत देईल, आणि ते अधिक धोक्याचं. माणूस ॲड्स मॅनेजर उघडतो तेव्हा फिल्टर लावलाय की नाही, खाली अजून ओळी आहेत की नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. एजंटला स्क्रीन नसते, टूल जेवढं हातात देतं तेवढंच त्याचं जग. म्हणून लिस्ट पुरी आहे की अपुरी, कोणत्या खात्याची आहे आणि कोणत्या अर्थाने ‘चालू’ आहे, हे लिस्टनेच सांगायला हवं.

यात किती खोलात जायचं हे खात्याच्या आकारावर अवलंबून आहे. खात्यात दोनशेच्या आत ॲड्स असतील तर टूलने सगळ्या आणाव्यात आणि विषय संपवावा. हजारोंच्या घरात असतील तर आधी मोजणी आणि कॅम्पेननिहाय गट देणारं वेगळं टूल लागेल. दुसरं म्हणजे एजंट फक्त वाचणार आहे की ॲड्स बंद-चालूही करणार आहे. खाली जे लिहितो ते फक्त वाचण्यापुरतं आहे, आणि तुम्हीही सध्या तेवढंच ठेवा.

२५ चा आकडा आधी. मेटाच्या मार्केटिंग एपीआयकडे (कोडने मेटाकडून माहिती मागायची खिडकी) ॲड्स मागताना ‘लिमिट’ दिलं नाही, तर एका पानात २५ नोंदी येतात. तुमचं टूल पहिलं पान आणतं आणि थांबतं. एजंट समोरच्या ओळी मोजतो आणि २५ म्हणतो. त्याचं काही चुकलेलं नाही. उत्तराच्या शेवटी ‘पेजिंग’ नावाचा भाग असतो, त्यात ‘आफ्टर’ कर्सर (यादीत कुठवर आलो याची खूण) आणि पुढचं पान असेल तर ‘नेक्स्ट’ असतं. लिमिट १०० ठेवा आणि ‘नेक्स्ट’ दिसतंय तोवर टूलच्या आतच फिरत राहा. पान भरलेलं आलं नाही म्हणजे ते शेवटचं, असं धरू नका. लिमिटपेक्षा कमी नोंदी येऊनही पुढे पान असू शकतं. ‘नेक्स्ट’ नसणं हीच शेवटाची खूण.

इथे एक गोष्ट आजच तपासा. ‘नेक्स्ट’मध्ये जी पूर्ण लिंक येते, तिच्यात तुमचं ॲक्सेस टोकन, म्हणजे खात्यांची चावी, उघडं लिहिलेलं असतं. एपीआयचं उत्तर जसंच्या तसं एजंटला देत असाल, तर ते टोकन मॉडेलच्या संभाषणात, लॉगमध्ये आणि कदाचित क्लायंटला पाठवलेल्या रिपोर्टमध्येही गेलं असेल. तसं झालं असेल तर टोकन रद्द करून नवं काढा. कर्सर द्यायचाच असेल तर नुसतं ‘आफ्टर’चं मूल्य द्या, लिंक कधीच नाही.

पानांनाही मर्यादा ठेवा, समजा दहा पानं. मर्यादा गाठली तर टूलने गप्प राहू नये. मोजणी तर मॉडेलवर सोडूच नये, कारण लांब यादी मोजताना मॉडेलं एक-दोनाने चुकतात. ॲड्स मागतानाच सारांशात एकूण संख्या मागता येते, ती मागा आणि वरच छापा. माझ्या मते उत्तराचा माथा असा हवा (आकडे फक्त नमुन्यापुरते):

खातं: कूलर, इतवारी (चलन रुपये, वेळ भारतीय)
माहिती घेतली: १४ एप्रिल, सकाळी १०.४२
फिल्टर: इफेक्टिव्ह स्टेटस फक्त ॲक्टिव्ह
जुळलेल्या ॲड्स ६३, इथे दिलेल्या ५०, बाकी १३
यादी अपुरी आहे. एकूण आकडा सांगताना ६३ सांगावा.

शेवटची ओळ बालिश वाटेल. पण एजंटसाठी लिहिताना ‘बाकी १३’ एवढ्यावर भागत नाही, त्याचं काय करायचं तेही सांगावं लागतं.

आता ‘चालू’. चारांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. मेटाची उतरंड कॅम्पेन, त्याखाली ॲड सेट, त्याखाली ॲड अशी आहे. प्रत्येक ॲडला दोन स्थिती असतात. ‘स्टेटस’ म्हणजे तुम्ही त्या ॲडचं बटण कसं ठेवलंय. ‘इफेक्टिव्ह स्टेटस’ म्हणजे वरच्या दोन पायऱ्या आणि मेटाची तपासणी धरून तिची प्रत्यक्ष स्थिती. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलरवाल्याचं अख्खं कॅम्पेन आपण एका बटणाने बंद करतो, आतल्या चाळीस ॲड्सना कोण एकेक करून हात लावतो! त्या चाळिसांचं ‘स्टेटस’ ॲक्टिव्हच राहतं. ‘इफेक्टिव्ह स्टेटस’ मात्र ‘कॅम्पेन पॉज्ड’ होतं. तुम्ही पहिलं फील्ड मागवलंय, दुसरं मागवा. पहिलं एजंटला दाखवूच नका, दोन्ही दिली की तो सोयीचं उचलतो. ॲड सेट बंद असेल तर ‘ॲड सेट पॉज्ड’, तपासणीत अडकली असेल तर ‘पेंडिंग रिव्ह्यू’, नाकारली असेल तर ‘डिसॲप्रूव्ह्ड’, काही अडचण असेल तर ‘विथ इश्यूज’ अशी ही मूल्यं येतात. ती तशीच ठेवा. ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोनच डब्यांत कोंबलीत, तर नाकारलेली ॲड आणि तुम्ही स्वतः थांबवलेली ॲड एकाच रांगेत बसतात, आणि क्लायंटला नेमका तोच फरक हवा असतो.

एवढं करूनही ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे लोकांना दिसतेय असं होत नाही. ॲड सेटला शेवटची तारीख दिली असेल आणि ती उलटून गेली असेल, तरी एपीआयमध्ये स्थिती ॲक्टिव्ह दिसू शकते. ॲड्स मॅनेजरमध्ये दिसणारं ‘कम्प्लीटेड’ इथे शोधू नका. क्लासवाल्यांच्या खात्यात हे हमखास भेटतं, कारण प्रत्येक बॅचची ॲड तारीख टाकून लावलेली असते. त्यामुळे ॲड सेटची सुरुवात आणि शेवट या दोन तारखा प्रत्येक ओळीत आणा. खात्याची स्वतःचीही स्थिती असते, एका अंकात: १ म्हणजे सुरू, २ म्हणजे बंद केलेलं, ३ म्हणजे पैसे थकलेले. कार्डाचा पेमेंट अडकलाय आणि एजंट मात्र ६३ ॲड्स जोरात सुरू आहेत म्हणतोय, असं चित्र हा अंक न पाहिल्यानेच होतं. हा अंक शब्दांत बदलून माथ्यावर छापा.

टूलच्या वर्णनात ‘चालू’चे तीन अर्थ वेगळे लिहून ठेवले की बरेच गैरसमज जागीच मिटतात: बटण चालू ठेवलेली, चालायला काही अडथळा नसलेली, आणि आज प्रत्यक्ष दाखवली गेलेली. लिस्टचं टूल दुसऱ्यापर्यंतच उत्तर देतं. तिसऱ्यासाठी ‘इनसाइट्स’ (ॲड किती दिसली, किती खर्च झाला याचे मेटाचे आकडे) हे वेगळं टूल. उलटंही करू नका. काही जण इनसाइट्सवरूनच यादी बनवतात. ज्या ॲडला एकही इम्प्रेशन मिळालं नाही, म्हणजे जी एकदाही कुणाला दिसली नाही, तिची ओळ तिथे येतच नाही, म्हणजे जी ॲड अडकली आहे आणि जिच्यासाठी तुम्ही हे विचारताय, नेमकी तीच गायब.

‘आज’ हा शब्दही खात्याच्या टाइम झोनने ठरतो. खातं उघडताना कुणी चुकून लॉस एंजेलिस ठेवलं असेल, तर त्या खात्याचा दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला. सकाळी दहाला ‘आजचा खर्च’ विचारलात तर अर्धा आकडा कालचा असतो.

बजेटचं गणित सोपं आहे, पण त्यात दोन खाचा आहेत. मेटा बजेट चलनाच्या लहान एककात देते. रुपयाच्या खात्यात ते पैशांत येतं, म्हणून ५०० रुपये म्हणजे ५०,०००. शंभराने भागा. इनसाइट्समधला खर्च मात्र थेट रुपयांत, दशांशासह येतो, उदाहरणार्थ ५१२.३४. त्याला शंभराने भागलंत तर क्लायंट खूश होईल, पण बिल येईपर्यंतच. भागाकार टूलमध्येच करा आणि आकड्यापुढे ‘रुपये’ शब्द लिहा, मॉडेलला अंदाज बांधायला जागा ठेवू नका. दुसरी खाच अशी की बजेट ॲडचं नसतंच. ते ॲड सेटचं असतं किंवा कॅम्पेनचं. एका ॲड सेटमध्ये तीन ॲड्स असतील आणि तुम्ही प्रत्येक ओळीपुढे ५०० छापलंत, तर एजंट बेरीज करून १,५०० सांगणार. ॲड्सच्या लिस्टमधून बजेट काढूनच टाका. हवंच असेल तर ॲड सेटच्या नावाखाली गट करून एकदाच लिहा.

चौथी तक्रार, ‘अशी ॲड नाही’. तुमच्या टूलच्या स्कीमात (कोणती माहिती कोणत्या प्रकारात घ्यायची याचा आराखडा) ॲडचा आयडी ‘नंबर’ म्हणून लिहिलाय, हो ना? मेटाचे आयडी सध्या बऱ्याचदा १८ अंकी असतात. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतच खात्रीने नेमका राहतो, म्हणजे १६ अंक. त्यापुढे शेवटचे अंक सरकतात. १२०२०८७६५४३२१०९८७६ हा आकडा नंबर म्हणून वाचलात की बाहेर येताना १२०२०८७६५४३२१०९८७० होतो. शेवटच्या सहाचा शून्य झाला. मेटा आयडी अवतरणात, मजकूर म्हणूनच पाठवते, बिघाड आपल्या बाजूला होतो. स्कीमात ‘स्ट्रिंग’ (मजकूर) करा, सुटलं. मॉडेल कधीमधी लांब आकडा उतरवतानाही चुकतं. त्यावर उपाय म्हणून तपशिलाच्या टूलने आयडीबरोबर नावही मागावं, आणि दोन्ही जुळलं नाही तर तसं स्पष्ट सांगावं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या आठवड्यात विचाराल अशा काही गोष्टी.

फील्ड कमी मागा. ‘फील्ड्स’ दिले नाहीत तर नुसता आयडी येतो, म्हणून लोक चिडून सगळंच मागतात: क्रिएटिव्ह, मजकूर, थंबनेल, टार्गेटिंग. लिमिट मोठं ठेवून असं केलं की ‘मागितलेली माहिती कमी करा’ अशी एरर येते, कोड १. शिवाय देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त टोकन लागतात (हे टोकन म्हणजे मॉडेल ज्या तुकड्यांत मजकूर मोजतं ते, वरची चावी नव्हे). साठ ॲड्सचा पूर्ण मराठी मजकूर एजंटच्या पुढ्यात ओतलात तर मूळ प्रश्न त्याखाली गाडला जातो. लिस्टला एवढंच पुरे: आयडी, नाव, इफेक्टिव्ह स्टेटस, ॲड सेटचं नाव आणि तारखा, कॅम्पेनचं नाव, शेवटचा बदल कधी झाला. बाकी सगळं तपशिलाच्या टूलमध्ये, एका वेळी एक ॲड.

अर्काइव्ह केलेल्या आणि डिलीट केलेल्या ॲड्स फिल्टरमध्ये मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात कूलरची कोणती ॲड चालली असं विचारलंत, तर एजंट तेव्हा काहीच चालवलं नव्हतं म्हणून मोकळा होईल. खात्याचा एकूण खर्च आणि यादीतल्या ॲड्सच्या खर्चाची बेरीज जुळत नाही, तेव्हाही पहिला संशय इथेच घ्या. टूलला ‘जुन्यासकट’ असा पर्याय द्या, आणि तो बंद असेल तर माथ्यावर तसं छापा.

नावाने शोधायची सोय देणार असाल तर आधी नावांची शिस्त लावा. एकाच खात्यात कुणी ‘कूलर’ लिहितं, कुणी ‘कुलर’, कुणी इंग्रजीत. ‘यात हे अक्षर आहे का’ असा शोध तिन्हींना वेगळं समजतो. सोपा मार्ग म्हणजे नाव आधी शोधू नका, सगळी यादी आणून मॉडेललाच त्यातून निवडू द्या. अशा ठिकाणी ते खरंच चांगलं काम करतं.

अकरा खाती एकाच टोकनखाली आहेत, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा धोका. ‘खातं’ हा पॅरामीटर सक्तीचा ठेवा, डिफॉल्ट काहीही नको, आणि मूल्यं ठरलेल्या अकरांमधलीच चालतील असं स्कीमात बांधा. एका क्लायंटच्या संभाषणात दुसऱ्याचं खातं दिसूच नये, म्हणून शक्य असेल तर प्रत्येक क्लायंटसाठी वेगळं सेशन उघडा आणि त्यात एकच खातं ठेवा. धरमपेठेतल्या एका क्लासच्या ॲडचा खर्च त्याच गल्लीतल्या दुसऱ्या क्लासच्या रिपोर्टमध्ये गेला, तर नागपूर काही एवढं मोठं शहर नाही. परवानगी ‘ॲड्स रीड’ एवढीच घ्या. ‘ॲड्स मॅनेजमेंट’ घेऊन ठेवलीत आणि वर्णनात ‘फक्त वाच’ लिहिलंत, तर ती विनंती झाली, कुलूप नव्हे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) वापरत असाल तर टूलला ‘रीड ओन्ली’ची खूण लावता येते, ती लावा. पण तीही सूचनाच आहे. खरा अडसर टोकनच्या परवानगीतच असतो. टोकन स्वतःच्या लॉगिनचं वापरू नका, ते साधारण ६० दिवसांत संपतं. बिझनेस खात्यात सिस्टिम युजर (माणसाचा नव्हे, कोडसाठीचा युजर) बनवून त्याचं घ्या.

एरर आणि रिकामी यादी यांची गल्लत होऊ देऊ नका. टोकन संपलं की मेटा कोड १९० देते. टूलने ती एरर गिळून रिकामी यादी परत केली, तर एजंट प्रामाणिकपणे खात्यात एकही ॲड नाही असं सांगतो. टूलने एरर म्हणूनच परत पाठवावं: ‘टोकन चालत नाही, यादी मिळालेली नाही, ॲड्स आहेत की नाहीत हे यावरून कळत नाही.’ मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या झाल्या की १७ किंवा ८०००४ हे कोड येतात, आणि उत्तराच्या हेडरमध्ये (सोबत येणाऱ्या जास्तीच्या माहितीत) किती मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायचा तेही येतं. ती मिनिटं एजंटला सांगा. नाही सांगितलीत तर तो लगेच पुन्हा मागतो, पुन्हा अडतो, आणि एकट्याने खात्याचा कोटा संपवतो. तिसऱ्या पानानंतर अडलं, तर आधीची तीन पानं द्या, पण यादी मध्येच तुटली आहे हे वर लिहून.

गूगल ॲड्स जोडणार असाल तर हेच टूल ओढूनताणून तिथे बसवू नका, वेगळं लिहा. तिथे पैसे मायक्रोमध्ये असतात, एक रुपया म्हणजे १०,००,०००. काढलेल्या ॲड्सची स्थिती ‘रिमूव्ह्ड’ असते. खात्याचा क्रमांक मधल्या रेघा काढून द्यावा लागतो आणि मॅनेजर खात्यातून जात असाल तर त्याचा क्रमांक हेडरमध्ये वेगळा. परफॉर्मन्स मॅक्स कॅम्पेनला ॲड ग्रुपच नसतात, त्यांना ॲसेट ग्रुप असतात. त्यामुळे ॲड ग्रुपवरून ॲड्स मागणाऱ्या क्वेरीत ही कॅम्पेन येतच नाहीत. सराफाचा सगळा खर्च परफॉर्मन्स मॅक्सवर असेल तर यादी कोरी येईल, आणि पैसे मात्र रोज कापले जातील.

क्लायंटच्या खात्याला लावण्याआधी स्वतःच्या खात्यात तपासा. एक कॅम्पेन बंद ठेवून आतली ॲड चालू ठेवा. एका ॲड सेटची तारीख उलटू द्या. एक ॲड अर्काइव्ह करा. एका ॲड सेटमध्ये तीन ॲड्स ठेवून एकूण बजेट विचारा. लिमिट मुद्दाम ५ करून एकूण ॲड्स विचारा. प्रत्येक उत्तर ॲड्स मॅनेजर शेजारी उघडून जुळवा. शेवटी टोकनमधलं एक अक्षर बदला आणि किती ॲड्स चालू आहेत असं विचारा. एजंटने ‘शून्य’ म्हटलं, तर टूल अजून क्लायंटच्या खात्याला जोडू नका.